तापातली आकडी आणि घरातली पहिली पाच मिनिटं

सत्तरीची_सेविका

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात अंगणवाडी चालवते. पाऊस सुरू झाला की तापाची मुलं वाढतात, आणि मग कुठल्या ना कुठल्या घरातून बातमी येतेच की रात्री मुलाला आकडी आली, गाडी करून वाळपईला नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. दोनतीन दिवसांनी आई त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीत येते. मूल खुशाल खेळत असतं, आईचा चेहरा मात्र उतरलेला असतो.

या आयांशी मी निवांत बसून बोलते. तेव्हा काय वाटलं, असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच असतं: मूल गेलं असं वाटलं. डोळे वर गेले, ओठ निळे पडले, अंग लाकडासारखं ताठ झालं, हाक मारली तर ओ नाही. हे बघून दुसरं काय वाटणार? त्यामुळे "आया उगाच घाबरतात" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. "तू काय केलंस?" असं विचारलं तर आई जे सांगते ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं असतं. सासूने कांदा फोडून नाकाशी धरला. दिराने चप्पल हुंगवली. दातखिळी बसली म्हणून शेजारणीने चमचा तोंडात घालायला पाहिला. कुणी मुठीत लोखंडी किल्ली दिली, कुणी डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला. नवरा अंगणात गाडीवाल्याला फोन लावत होता. आकडी किती वेळ होती म्हणाल तर एकजण म्हणतो अर्धा तास, दुसरा म्हणतो दहा मिनिटं. घड्याळाकडे कुणीच बघितलेलं नसतं.

इस्पितळातून सुटताना डॉक्टर समजावून सांगतात ते आईला. तीही रात्रीची जागी, रडून डोळे सुजलेली. घरी ज्यांचे हात मुलाला लागणार आहेत त्या माणसांना कुणीच काही सांगितलेलं नसतं. पुढच्या वेळी सून म्हणाली, "काही करू नका, त्याला नुसतं कुशीवर ठेवा," तर घरात तिचं ऐकणार कोण? माझं म्हणणं असं की शिकवायचं तर अख्ख्या घराला शिकवलं पाहिजे, आणि तेही पहिली आकडी येण्याच्या आधी.

तुमच्या घरी काय झालं, कुणी काय केलं, ते लिहा. कुणी बालरोगतज्ज्ञ वाचत असतील तर त्यांनीही लिहावं.

पेडण्याची_सून

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत.

माझी मुलगी सव्वा वर्षाची होती. सकाळपासून थोडं नाक वाहत होतं, ताप असा नव्हताच. संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. एक घास तोंडात घेतला आणि ती एकदम माझ्या मागे कुठेतरी बघायला लागली. मी हाक मारली. मान मागे गेली, हात कोपरात वळले आणि दोन्ही हातपाय एका तालात उडायला लागले. तोंडातली पेज गालावरून ओघळली. मी ओरडले ती सासूबाईंना अजून आठवते, "म्हजें भुरगें गेलें!" (माझं मूल गेलं!) एवढंच ओरडत होते म्हणे.

शेजारचा मुलगा स्कूटर घेऊन आला. मी मागे बसले, मुलगी मध्ये, अंग अजून झटकत होतं. मागून सगळे ओरडत होते, जा जा. रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो तोच ती सैल पडली, आणि तेव्हा तर मला खात्रीच वाटली की संपलं. पण ती झोपली होती. इस्पितळात पोचलो तेव्हा ताप १०२ होता. अंग कधी तापलं ते मला कळलंच नव्हतं.

त्या रात्रीपेक्षा नंतरचे महिने मला जड गेले. "वेळेवर औषध पाजलं असतंस तर ताप डोक्यात गेला नसता," हे मी घरातल्यांकडून ऐकलं, माहेरच्यांकडून ऐकलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडूनही ऐकलं. रात्रीरात्री मी थर्मामीटर घेऊन बसायचे. तिचा श्वास जरा जोरात झाला तरी उठायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं काही होणार नाही, पण ते मनात उतरायला वर्ष गेलं.

बालरोग_म्हापसा

पेडण्याच्या ताईंच्या शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण ही तक्रार मी ओपीडीत रोज ऐकतो.

तुमचं काहीही चुकलं नाही. तापातली आकडी बऱ्याचदा तापाच्या पहिल्याच दिवशी येते, आणि कित्येक मुलांत ताप असल्याचं पहिल्यांदा आकडीमुळेच कळतं. वेळच्या वेळी पॅरासिटामॉल दिल्याने आकडी टळते का, हे अनेक अभ्यासांत तपासलं गेलं आहे. टळते असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, अंगदुखी कमी होते, म्हणून ते द्यायचं. तेव्हा "औषध दिलं असतंस तर" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. हे लिहिलेलं घरच्यांना दाखवा हवं तर.

ही आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते, जास्त करून १२ ते १८ महिन्यांच्या आसपास. साधारण शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येते. या वयात मेंदू अजून तयार होत असतो आणि तापाने तो लवकर उद्दीपित होतो. काही घराण्यांत हा कल जास्त असतो, त्यामुळे वडिलांना किंवा मावशीला लहानपणी आली होती का, असं आम्ही विचारतो. "ताप मेंदूत चढला" म्हणजे मेंदू भाजला, अशी जी कल्पना आहे ती खरी नाही.

बहुतेक आकड्या एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. साधी आकडी म्हणजे सगळं अंग झटकणारी, १५ मिनिटांच्या आत थांबणारी आणि २४ तासांत एकदाच येणारी. अशा आकडीने बुद्धी कमी होत नाही. मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे पाहिलेलं आहे. पुढे अपस्मार (फेफरं) होण्याची शक्यता इतर मुलांत शंभरात एक धरली तर या मुलांत एक ते दोन.

पुन्हा येऊ शकते, हे मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. तीनातल्या एका मुलाला येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर निम्म्या मुलांना.

आता त्या पाच मिनिटांचं. मूल जिथे असेल तिथेच खाली, चटईवर किंवा गादीवर कुशीवर ठेवा. लाळ, उलटी, घास बाहेर ओघळू द्या. गळ्याजवळचं बटण, साखळी, ताईत सैल करा. तोंडात बोट नको, चमचा नको, पाणी नको, औषध तर नकोच. आकडीत मूल जीभ गिळत नाही, आणि चमच्याने दात मोडून श्वासनळीत गेले तर ते आकडीपेक्षा महागात पडेल. हातपाय दाबून धरू नका. एकाने फक्त घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही तर १०८. इस्पितळ लांब असेल तर पाच मिनिटांची वाट न बघता आधीच फोन करा, गाडी निघायला वेळ लागतो. आकडी चालू असताना मुलाला स्कूटरवर घेऊन निघू नका. मान पुढे पडून श्वास अडतो, आणि धरणाऱ्याचाही तोल जातो.

फोंड्याची_आजी

माझं वय सत्तरच्या पुढे आहे. नातवाने हा धागा वाचायला दिला. सगळं वाचलं, पण सासवांबद्दल जे लिहिलंय त्यावर दोन शब्द लिहिते.

आम्ही कांदा हुंगवायचो ते मुलाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. आमच्या वेळी गावात डॉक्टर नव्हता. नदीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर फेरीबोट, आणि रात्री फेरीबोट बंद. मूल झटके देतंय आणि घरात दिवा आणि कांदा एवढंच आहे, मग बाईने काय करायचं? माझ्या धाकट्याला दोनदा आली होती. दोन्ही वेळा माझ्या आयेने कांदा फोडला आणि दोन्ही वेळा थांबली. तो आज पन्नाशीचा आहे, धडधाकट आहे. मग मी कांद्यावर विश्वास ठेवला तर त्यात चूक काय? डॉक्टरांनी मला समजावून सांगावं, मी ऐकेन.

बालरोग_म्हापसा

आजी, तुम्ही विचारलंत त्याचा आनंद झाला, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टींची किल्ली तुमच्या प्रश्नात आहे.

आकडी आली की घरातलं माणूस आधी ओरडतं, मग स्वयंपाकघरात धावतं, कांदा शोधतं, फोडतं, आणून नाकाशी धरतं. यात दीड मिनिट सहज जातं. आणि बहुतेक आकड्या दीडदोन मिनिटांतच थांबणाऱ्या असतात. म्हणजे थांबण्याच्या क्षणी मुलाच्या नाकाशी कांदा असतोच. चप्पल असती तर चप्पलेला श्रेय मिळालं असतं, घरी गाऱ्हाणं घातलं असतं तर देवाला. तुमच्या आयेचा अनुभव खरा होता, त्यातून काढलेला अर्थ मात्र वेगळा निघतो.

कांदा नाकाशी धरण्यात इजा फारशी नाही. पण तो आणायला गेलेलं माणूस घड्याळ बघत नाही आणि मुलाला कुशीवर करत नाही. रस डोळ्यांत पिळणारेही मी पाहिलेत, ते करू नका.

फोंड्याची_आजी

पटलं. दीड मिनिटाचं पटलं. आता घरात घड्याळ मी धरणार. नातसुनेला सांगून ठेवते, तू मुलाकडे बघ, मी काट्याकडे बघते.

सत्तरीची_सेविका

आजी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या माता सभेत वाचून दाखवणार आहे. मला हेच म्हणायचं होतं. घरातल्या मोठ्या बाईला "तू काही करू नकोस" म्हटलं की ती दुखावते आणि मग कांदा घेऊन येतेच. तिला एक काम दिलं, आणि ते महत्त्वाचं काम आहे हे सांगितलं, की सगळं घर शांत होतं.

डिचोलीची_आई

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलाला नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस दिली आणि आठवड्याभराने ताप येऊन आकडी आली. आता दीड वर्षाची लस राहिली आहे. घरी सगळे म्हणतात देऊ नको. नर्सबाई फोन करतात, मी उचलत नाही.

बालरोग_म्हापसा

फोन उचला आणि लस द्या. गोवराच्या लशीनंतर साधारण पाच ते बारा दिवसांत काही मुलांना ताप येतो, आणि ज्याला तापात आकडी येण्याचा कल आहे त्याला तेव्हा येऊ शकते. ती बाकी कुठल्याही तापातल्या आकडीसारखीच असते, तिने कायमचं नुकसान होत नाही. खऱ्या गोवराने मात्र न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येऊ शकते. नर्सबाईंना आधी आलेल्या आकडीबद्दल सांगा. त्या दिवसांत ताप येऊ शकतो हे लक्षात ठेवून घरात कोण काय करणार ते ठरवून ठेवा.

मडगावचा_बाबा

आमच्या मुलाला तीनदा आली. डॉक्टरांनी आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे दिलाय आणि ताप आला की दोनतीन दिवस क्लोबाझमची गोळी द्यायला सांगितली आहे. गोळी दिली की मूल झिंगल्यासारखं चालतं, चिडचिड करतं. बायको म्हणते नको देऊया. आम्ही काय करावं?

बालरोग_म्हापसा

ज्यांना पुन्हा पुन्हा येते अशाच मुलांना तापाच्या दिवसांपुरतं क्लोबाझम देतात. झोप येणं, तोल जाणं, चिडचिड हे त्याचे ठरलेले परिणाम आहेत, औषध बंद झालं की जातात. पण मूल फारच गुंगीत राहत असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, मात्रा बदलता येते किंवा नुसत्या स्प्रेवरही राहता येतं. अशी गुंगी असताना मेंदूज्वराची लक्षणं झाकली जाऊ शकतात, हेही एक कारण. साध्या आकडीसाठी रोजचं औषध वर्षानुवर्षं देण्याची गरज नसते.

स्प्रेबद्दल. वजनावरून किती फवारे ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या, मूल वाढलं की पुन्हा लिहून घ्या. निम्मे एका नाकपुडीत, निम्मे दुसरीत. नव्या बाटलीचे पहिले एकदोन फवारे हवेत मारावे लागतात, नाहीतर नुसती हवाच येते. मुदत तपासत जा. आणि बाटली कपाटाला कुलूप लावून ठेवू नका, किल्ली शोधण्यात वेळ जातो.

मडगावचा_बाबा

धन्यवाद. बालवाडीत स्प्रे ठेवायला बाई तयार नाहीत, म्हणतात जबाबदारी नको.

सत्तरीची_सेविका

त्यांची भीती मी समजू शकते, माझीही जागा तीच आहे. स्प्रेचा आग्रह पहिल्याच दिवशी धरू नका. आधी एवढंच मागा की मुलाला कुशीवर ठेवतील, वेळ बघतील आणि तुम्हाला व १०८ ला फोन करतील. डॉक्टरांकडून एका पानावर लिहून आणा, सहीशिक्क्यासकट. कागद हातात असला की बाईंनाही धीर येतो.

इथे आणखी एक सांगते. पुष्कळ आया अंगणवाडीत आम्हाला हे सांगतच नाहीत, मुलगी असेल तर हमखास नाही. "फेफऱ्याची मुलगी" म्हणून नाव पडेल, पुढे लग्नाला अडचण येईल, ही भीती दीड वर्षाच्या मुलीच्या आईच्या डोळ्यांत मी पाहिली आहे. डॉक्टरांनी वर दिलेले आकडे तिला दहादा सांगावे लागतात. सांगा, लपवू नका. आम्हाला माहीत नसेल तर मूल आमच्याकडे असताना आम्ही काय करणार?

बांबोळी_रात्रपाळी

मी नर्स आहे, मुलांच्या वॉर्डात काम केलंय. दोन गोष्टी.

पॅरासिटामॉलच्या बाटल्या बघून घ्या. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचं ते ६ मिली होतं, ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचं ३ मिली, आणि १ मिलीत १०० असलेले जे थेंब मिळतात त्यांचं दीड मिली. आईला "सहा मिली" एवढंच पाठ असतं. दुकानदाराने दुसरी बाटली दिली की तेच सहा मिली दुप्पट किंवा चौपट होतं. दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आकडीच्या धास्तीने दर दोन तासांनी पाजणारे लोक येतात, यकृताला त्रास होतो.

दुसरं, बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नका. मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने ताप आणखी चढतो. कोमट पाणी, पातळ कपडे, पंखा, एवढं पुरे.

पेडण्याची_सून

कुडकुडण्यावरून विचारते, हुडहुडी आणि आकडी यात फरक कसा ओळखायचा? मी कित्येकदा फसता फसता राहिले.

बांबोळी_रात्रपाळी

हुडहुडीत मूल तुमच्याकडे बघतं, रडतं, आईला बिलगतं. थरथरणारा हात अलगद धरला की थरथर थांबते. आकडीत नजर लागत नाही आणि हात धरला तरी तुमच्या मुठीत तो झटकत राहतो. दाबायचा नाही, नुसता धरून बघायचा. आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. आईला लाज वाटते, मूल तडफडतंय आणि आपण व्हिडिओ काढतोय. पण डॉक्टरांना त्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं ते तासभर सांगूनही कळत नाही.

कुडचड्याची_आई

सगळे "काही होत नाही" म्हणताहेत म्हणून लिहिते. माझ्या मुलाचा फक्त उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू उडत होती, आणि थांबेचना. मडगावला इंजेक्शन दिल्यावर थांबली. मग पाठीतलं पाणी तपासलं, एमआरआय, ईईजी, सगळं झालं. आता बरा आहे, पण न्यूरोच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. प्रत्येक आकडी साधी नसते.

बालरोग_म्हापसा

अगदी बरोबर, आणि हे तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. एकाच बाजूची, १५ मिनिटांहून लांबलेली, किंवा त्याच दिवशी पुन्हा आलेली आकडी वेगळी धरतात, तपासण्याही वेगळ्या. सहा महिन्यांच्या आतलं किंवा पाच वर्षांवरचं मूल असेल तरीही. आकडी थांबून तास झाला तरी मूल नीट जागं होत नाही, मान ताठ आहे, टाळू फुगली आहे, सारख्या उलट्या होताहेत, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आहेत, तर रात्र आहे, पाऊस आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. हे मेंदूज्वराचं असू शकतं. आणि पहिली आकडी कितीही लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, तापाचं कारण शोधावं लागतं. सत्तरीकडच्यांनी काजूच्या हंगामात माकडतापाचाही (जंगलातल्या गोचिडीमुळे होणाऱ्या तापाचा) उल्लेख डॉक्टरांकडे करावा, २०१५ पासून तिथे रुग्ण सापडले आहेत.

रक्त कमी असलेल्या मुलांत या आकड्या जास्त दिसतात असंही आढळलंय. म्हणून लोहाचं औषध लिहून दिलं तर ते टाळू नका.

सत्तरीची_सेविका

लोहाच्या औषधाचं मी रोज सांगते. आता सांगायला आणखी एक कारण मिळालं.

पुढच्या माता सभेला आजींनाही बोलावणार आहे, नुसत्या आयांना नाही. कपड्याची बाहुली करून प्रत्येकीकडून करून घेणार: एकीने बाहुलीला कुशीवर करायचं, एकीने घड्याळ बघायचं, एकीने फोन लावायचा. १०८ ला घराचा पत्ता कसा सांगायचा तेही म्हणून घेणार. आमच्याकडे वाड्यांची नावं बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. कुठलं देऊळ, कुठला आंबा, कुठून आत वळायचं ते सांगावं लागतं.

डॉक्टर, शिकवण्याआधी एक विचारते. कुशीवर म्हणजे डाव्या की उजव्या? आणि झोपेतच आली आणि घरच्यांना उशिरा दिसली तर वेळ कुठून मोजायची?

बालरोग_म्हापसा

कुठलीही कूस चालते, जी पटकन जमेल ती. तोंड किंचित खाली झुकलेलं राहिलं पाहिजे म्हणजे लाळ बाहेर येते. झोपेतली आकडी कधी सुरू झाली ते माहीत नसतं, म्हणून तिथे पाच मिनिटं थांबायचं नाही. दिसली की कुशीवर करायचं आणि लगेच १०८ लावायचा. स्प्रे दिलेला असेल तर तोही लगेच मारायचा.

बाहुली थोडी जड करा, आत तांदूळ भरा. हलक्या बाहुलीला वळवणं आणि ताठ झालेल्या मुलाला वळवणं यात फरक असतो.

फोंड्याची_आजी

सभा कधी आहे ते इथे लिही गो बाय. फोंड्याहून येते मी.